तांबडीचं जुनं पॅकिंग

बेलवली, बदलापूर (प.)
३ सप्टेंबर १९९५

चि. सौ. अंजनीस हिंदुकाकाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. आधी माणसांचं बोलू, मग गाडीचं. माणसं धड असली की गाडी ढकलतसुद्धा घरी नेता येते. तुझ्या आबाच्या, कोंडाजीच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली का? थेंब वेळेवर घालून घेतो, की 'मला दिसतंय' म्हणत बाटली उशीखाली दडवतो? भगवानरावांची कंबर कशी आहे? जव्हारच्या त्या रस्त्यांवर तलाठ्याची कंबर म्हणजे सरकारी शॉकअपच. तुझा घसा शाळेत ओरडून बसला असेल, तोंडात ज्येष्ठमध धरत जा. बाळीला दात आले का? इकडे काशीचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझं म्हणशील तर कॅम्प तीनच्या वस्तीतलं गॅरेज आणि मी, दोघांचाही पत्रा गळतो, बाकी बरं.

आता तांबडी, तुमची फटफटी. तुझ्या बापाने ऐंशी साली ती सेकंडहँड घेतली, तेव्हापासून तिच्या पोटात हात घालणारा मी एकटा. तू लिहितेस, थंड असताना शहाण्यासारखी चालते, तापली की मूठ सोडली तरी बोंबलत राहते, आणि मध्येच गप्पकन मरते. भगवानरावांनी स्लोचा, म्हणजे मूठ सोडल्यावरच्या चालीचा स्क्रू पार ढिला केला तरी फरक नाही. बाळा, ताप आला म्हणून कुणी थर्मामीटर पिळत नाही. स्क्रू होता तिथे आणा आणि दोन गोष्टी बघून कळवा.

एक, इंजिन चालू ठेवून मूठ सोडा, हँडल पूर्ण डावीकडे न्या, मग उजवीकडे. आवाज वाढला तर केबल ओढली जातेय. दोन, गाडी चांगली तापवून बंद करा आणि प्लग काढा. त्याचं तोंड चहाच्या रंगाचं आहे, काजळीने काळं आहे की राखेसारखं पांढरं, ते लिही.

शेजारचा जीन्सवाला शेठ मला पत्र लिहिताना बघून म्हणतो, "उस्ताद, चिठ्ठी में गाडी रिपेअर? तो टेस्ट ड्राइव्ह भी पोस्टमन करेगा क्या?" हसू दे त्याला.

कोंडाजीला सांग, आमच्या पडवीला लागून त्याची खोली काढतोय. जोत्यापर्यंत आली. तुझी आई, रखमा वहिनी गेल्यापासून त्याला बोलायला कुणी नाही, तू दिवसभर शाळेत. दिवाळी झाली की त्याला इकडे आणायचा, ठरलं ते ठरलं. दोघं म्हातारे एका भिंतीला पाठ लावून बसू. उत्तर लगेच धाड.

तुझा,
हिंदुकाका

•

जव्हार
१२ सप्टेंबर १९९५

तीर्थस्वरूप हिंदुकाकांस अंजनीचा साष्टांग नमस्कार.

आबांची पट्टी निघाली, जाड चष्मा महिन्याने मिळेल. तोवर माणूस आवाजावरून ओळखतात. बाटली खरंच उशीखाली सापडली! यांची कंबर तशीच. बाळीला खालचे दोन दात आले, त्यांनी ती माझी पेनं चावते. काकूंनी गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा.

हँडल दोन्हीकडे फिरवलं, आवाज तोच राहिला. प्लग पांढरा आहे, अगदी चुलीतल्या राखेसारखा.

आबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. खोलीचं ऐकून डोळे पुसले, म्हणाले थेंबांनी पाणी येतं. पण गाडीचं काही त्यांना पटत नाही. म्हणतात, "हिंदूला लिव, तिला खोलायची नाय. म्हातारी हाय ती. खोललेली म्हातारी परत जुळत नाय. स्क्रू फिरवा न् चालवा." हे म्हणतात, घाटात चढावर बंद पडते, मागून एसटी येते, तेव्हा स्क्रूने काय करू? काय करावं ते लवकर कळवा.

आपली,
अंजनी

•

बेलवली
१८ सप्टेंबर १९९५

चि. अंजनीस आशीर्वाद.

काशी म्हणते निर्गुडी झाली, एरंडाचं पान झालं, आता फक्त गुडघ्याची दृष्ट काढायची राहिलीय. बाळीला पेन देऊ नको, बाजरीची भाकरी दे.

केबल सुटली आरोपातून. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पिठल्यात पीठ कमी पडलं की पाणी जास्त झालं, दोन्हीत पिठलं पातळच होतं. पण उपाय वेगळा. म्हणून आधी पीठ बघू. कार्बेटरच्या खालची वाटी काढा. आत पितळेचे दोन जेट आहेत, त्यातला बारीक तो स्लोचा. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये बुडवा, तोंडाने फुंका, उजेडाकडे धरा. टाचणीएवढा उजेड दिसला की साफ.

तरी फरक नाही पडला, तर कुठून तरी चोरून हवा आत शिरतेय. तो चोर पकडायची युक्ती मला कुणी शिकवली नाही, माझी मीच काढली. कार्बेटर ज्या नळकांड्यावर बसतो, ते नळकांडं दोन नटांनी इंजिनाला लावलेलं असतं. गाडी तापून बोंबलायला लागली की कोंबडीच्या पिसाने त्या सांध्यावर इंजिनचं जाड तेल लावायचं. हात जपून, सगळं तापलेलं असतं. तेलाने भेग घडीभर बुजते. आवाज उतरला, की चोर तिथे.

कोंडाजीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको. नोकरीत साहेबाला भ्यायचा आणि घरी पान्याला. खोलीला खिडकी पश्चिमेला ठेवलीय, सकाळी उठल्यावर त्याला नव्या डोळ्यांनी टावळीचा डोंगर दिसेल. तेल लावल्यावर काय झालं ते त्याच दिवशी लिही.

हिंदुकाका

•

जव्हार
२७ सप्टेंबर १९९५

ती. स्व. हिंदुकाकांस सा. न.

चोर सापडला! जेट साफ केला, काही फरक नाही. मग रविवारी अंगणात गाडी तापवली. बोंबलायला लागली तशी मी शेजारणीच्या कोंबडीचं पीस घेऊन तुम्ही सांगितलं तिथे तेल लावलं. काका, जादूच! तान्हं पोर कुशीत घेतल्यावर गप्प व्हावं तशी गाडी मवाळ झाली. तेल सुकलं की पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं.

पण आबा फार चिडले. आवाज उतरलेला ऐकून खाटेवरून उठले, भिंत चाचपत ओटीवर आले.

"बंद कर ती! त्या नळकांड्याला हात लावायला कुनी सांगितलं?"

हे म्हणाले, "आबा, हिंदुकाकांनी."

"हिंदूला काय कलतंय! माझी गाडी हाय. विका, भंगारात घाला, खोलू नका."

त्या दिवशी जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले ऑपरेशननंतर माणूस चिडचिडा होतो. तुम्हीच त्यांना दोन शब्द लिहा, तुमचं ऐकतात. आणि नट खोलू की नको, ते सांगा.

अंजनी

•

बेलवली
३ ऑक्टोबर १९९५

चि. अंजनीस आशीर्वाद.

शाब्बास! कॅम्प तीनला माझ्याकडे चार जण हाताखाली येऊन गेले, एकालाही तेलाचं पीस असं नेमकं लावता आलं नाही. नट खुशाल खोला. सांधा हवाबंद ठेवणारं आतलं कागदी पॅकिंग वाळून तडकलं असणार, दुसरं काही नाही. कार्बेटर मी शंभर वेळा काढला असेन, पण त्यामागचं नळकांडं एकदाच बसवलं. चौदा वर्षं टिकलं म्हणजे बघ.

ते बसवल्याचा दिवस मला लख्ख आठवतो. एक्याऐंशी साल. काशी गावी माझ्या आईपाशी, आणि मी अंबरनाथला तुमच्या घरी, तुझ्या आईच्या हातचं खाऊन. कोंडाजीने आणि मी एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटरची टेस्ट दिली होती. जागा एकच. पत्ता दोघांचाही तुमच्याच घरचा. मी रोज पोस्टमनची वाट बघायचो. पर्मनंट झालो की काशीला आणायची होती. वटपौर्णिमा होती, तुझ्या आईचा उपास. माझं मन लागेना म्हणून तांबडी खोलून बसलो. पॅकिंग फाटलेलं. म्हटलं, कोंडाजी, एखादा जाड कागद दे. त्याने आतून पिवळट जाड कार्ड आणून दिलं. नळकांड्यावर धरून मी हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने टकटक केलं, कसं सुबक कापलं गेलं! तुझा बाप समोर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "हिंदू, तुझ्या हाताला देवानं डोले दिल्यान."

आठवड्याने बोलावणं आलं ते कोंडाजीला. मला आलंच नाही. समजलो, आपण नापास. पण त्याने मला एकटं टाकलं नाही. पहिल्या सुट्टीला हाताला धरून कॅम्प तीनला आणलं, गॅरेजात चिकटवलं. हाताला डोळे असल्याचं त्याचं ते वाक्य मी पुष्कळ वर्षं उशाला घेऊन झोपलोय. त्याला हे वाचून दाखव, राग उतरेल.

जुनं पॅकिंग फेकू नको. माप घेऊन चांगल्या शीटमधून नवं कापून धाडतो. खोलीवर पत्रे चढले. पॅकिंग निघालं की लगेच कळव.

हिंदुकाका

•

जव्हार
११ ऑक्टोबर १९९५

ती. स्व. हिंदुकाकांस सा. न.

आज सकाळी रजिस्टरने पॅकिंग वेगळं धाडलंय. दोन जागी तडकलंय. काल आबा दुपारी झोपले असताना यांनी नट खोलले.

काका, तुम्ही भारी लपवाछपवी करता हं! रॉकेलने पुसलं तर त्यावर टाईप केलेली इंग्रजी अक्षरं निघाली. वरती आबांच्याच कारखान्याचं अर्धं नाव. मग 'श्री. हिंदुराव', पुढे भोक पडलंय. खाली 'फिटर या जागेसाठी आपली निवड', आणि शेवटी 'दि. २० जूनपर्यंत हजर न झाल्यास' एवढं वाचता येतं. म्हणजे तुम्हीसुद्धा तिथे लागला होतात! मागच्या पत्रात नापास म्हणून लिहिलंत, ते मला हसवायला ना? मग नोकरी का सोडलीत? साहेबाशी भांडलात की काय?

आबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि कार्डाचं विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. म्हणाले, "धाडलंस का ते त्याला?" म्हटलं, हो, सकाळीच. मग चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दिवाळीला काकूंना घेऊन या. पत्र लिहा.

अंजनी

•

बेलवली
९ नोव्हेंबर १९९५

चि. अंजनीस,

सोबत नवं पॅकिंग आहे. दोन्ही बाजूंना ग्रीसचा पुसट हात द्या. दोन नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच बाजू आधी दाबली की नळकांडं वाकतं. मग स्लोचा स्क्रू तापलेल्या इंजिनावर लावा.

मी त्या कारखान्यात कधीच नव्हतो.

दिवाळीला तुझी दोन कार्डं आली, उत्तर दिलं नाही. तुझ्यावर राग नाही. खोलीचं काम थांबवलंय. कोंडाजीला एवढंच सांग, पॅकिंग पोचलं आणि हिंदूने ते वाचलं.

हिंदुराव

•

जव्हार
२० नोव्हेंबर १९९५

हिंदूस,

अंजनी शाळेत गेलीय. चष्मा आलाय पण ओळी वाकड्या येतात, समजून घे. तिला मी काय सांगितलं नाय.

कार्ड तुझ्या नावाचं आलं तेव्हा तू बाजारात होतास. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी नापास नव्हतो, दुसरा होतो. तू गेला नाहीस तर मला बोलावणार, हे कारखान्यातल्या टायपिस्टने सांगितलं होतं. घरात दोन पोरी, रखमाला पाचवा महिना, शेत एमआयडीसीत गेलेलं. तुझ्या हातात कला होती. मला वाटलं हिंदू कुठेही उभा राहील, मी राहणार नाय. तुला देईन देईन म्हणून ट्रंकेत ठेवलं. मग तू जाड कागद मागितलास, तेव्हा दिलं.

चौदा वर्षं तू तांबडीला हात लावलास की तुझा पाना त्या नळकांड्याकडे जातो का ते मी बघत बसायचो. कारखान्यात पगार घेतला, पण कुणी 'फिटर' म्हणून हाक मारली की तुझं नाव ऐकल्यासारखं व्हायचं. रखमा जाताना सांगून गेली, हिंदूभावजींना सांगा. मी म्हटलं सांगतो.

गाडी आता गुणी चालते. दारात उभी राहून टुकटुक करते. मला ऐकवत नाय.

खोलीत येऊ का नको, तू म्हणशील तसं. अंजनीला कळू देऊ नको, एवढी भीक घाल.

कोंडाजी

•

बेलवली
१ डिसेंबर १९९५

कोंडाजीस,

तुझ्या डोळ्याची चौकशी करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. असं चार दिवस झालं. आज लिहितोय.

अंजनीला मी सांगणार नाही. लेकरू आहे, माझ्याच हट्टापायी तिने ते कार्ड खणून काढलं. सांगायचं ते तू सांग किंवा गिळ.

काशीला मात्र सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. सगळं सूप संपल्यावर म्हणाली, "म्हणजे सासूबाईंपुढे मी सहा वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडली, ती फुकटच." सत्त्याऐंशी साली मी तिला आणली, तोवर तिचा तरणा जोम माझ्या आईच्या दळणात गेला. भांडण झालं की अजून म्हणायची, नापास माणसाची बायको आहे मी, मला कुठून येणार पैठणी. मीही ऐकून घ्यायचो. वाटायचं, खरंच आहे. शेजारचा शेठ 'उस्ताद' म्हणतो ना, तेव्हाही आतून कुणीतरी म्हणायचं, गप रे, टेस्टमध्ये काय झालं ते विसरलास? हे तू घेतलंस माझं, कोंडाजी. नोकरीचं एक वेळ जाऊ दे. माझ्या हातांवरचा माझा विश्वास घेतलास, आणि वर त्याच हातांची स्तुती केलीस. कला होती म्हणून कुठेही उभा राहिलो असतो म्हणतोस. ज्याला पोहता येतं त्याला विहिरीत ढकललं तर चालतं, असंच ना?

भूक मला कळते. दोन पोरी, रखमा वहिनीला पाचवा महिना, हे मी बघत होतो, त्याच घरात जेवत होतो. तू समोर बसून म्हणाला असतास, हिंदू, ही जागा मला सोड, तर काय केलं असतं ते मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तू विचारलं नाहीस. नाही म्हणायची पाळीच माझ्यावर येऊ दिली नाहीस.

आता एक गोष्ट. तुझ्या पत्रात ती एका ओळीत उरकलीस: मागितलंस तेव्हा दिलं. जुनं पंचांग काढून बघितलं, वटपौर्णिमा सतरा जूनला होती. हजर व्हायची तारीख वीस. अजून तीन दिवस होते. तुझ्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याचा पुठ्ठा हाताशी होता. तू आत गेलास, ट्रंकेचं कुलूप उघडलंस आणि नेमकं ते कार्ड आणून माझ्या हातात ठेवलंस. अक्षरं वर करून ठेवलंस, मला आठवतं. मी त्यावरच नळकांड्याची खूण केली. आणि मग उकिडवा बसून बघत राहिलास.

मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. एबीसीडी मी पुढे कॅम्प तीनला स्पेअरच्या डब्यांवरून शिकलो. अंबरनाथला मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. सही इंग्रजीत करायचो, ती चित्रासारखी घोटलेली. फॉर्म बाहेरच्या माणसाकडून भरून आणायचो. टाईपातलं माझं नाव नाकासमोर होतं, मी ओळखलं नाही, त्याला भोक पाडलं. हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. रखमा वहिनीने एकदा औषधाच्या बाटलीवरचं वाचायला दिलं आणि मी पकडला गेलो. म्हणाली होती, कुणाला बोलणार नाही.

ती तुला बोलली होती का?

बोलली असेल, तर तू आंधळ्याच्या हातात त्याचीच काठी देऊन ती त्याच्याकडून मोडवून घेतलीस, आणि समोर बसून मजा बघितलीस. मग त्या खोलीत मी कोंबड्या पाळीन, पण तुझी पाठ माझ्या भिंतीला लागू देणार नाही. आणि बोलली नसेल, तुला वाटत असेल की हिंदू शिकलेला आहे, आता वाचेल, आता माझं नरडं धरेल, आणि त्यासाठीच तू समोर बसला असशील, तर मग मी काय करीन ते मला अजून ठाऊक नाही. पण तेव्हा निदान विचार तरी करता येईल.

साक्षीला रखमा वहिनी राहिली नाही. खोटं लिहिलंस तरी मला कळायचं नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून खरं लिही. डोळ्याला ताण पडत असेल तर दोनच शब्द लिही, पण अंजनीच्या अक्षरात नको, तुझ्या वाकड्या अक्षरात लिही. आमच्याकडे टपाल अकराच्या सुमाराला येतं. त्या वेळी मी गॅरेजात नसतो, हल्ली घरीच थांबतो. लवकर लिही.

हिंदुराव